हाताचं धनुष्य

वाचायला बसताना उजवा हात मोकळा ठेवा. अंक डाव्या हातात धरा, नाहीतर मांडीवर ठेवा. घाई करू नका. आज आपल्याला एकाच शब्दापाशी बसायचं आहे, आणि तो कळायला डोळ्यांइतकाच हातही लागणार आहे.

शब्द आहे एल्बो.

इंग्रजी असला तरी तो आपल्या घरात कधीचाच आलेला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओट्याखालचा पाण्याचा पाइप ठिबकायला लागला. प्लंबर आला, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "पाइप चांगलाय ताई, एल्बो गेलाय." हार्डवेअरच्या दुकानातून मी तो आणला. पांढऱ्या पीव्हीसीचा, अर्ध्या इंचाचा, मुठीत मावेल एवढा. परत येताना रिक्षात तो तळहातावर ठेवून मी बघत होते. दोन तोंडं दोन दिशांना आणि मधे एक वळण. तेवढंच. पण हे वळण नसेल तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सरळ खाली जाईल, स्वयंपाकघरात येणार नाही.

त्याच्याही आधी, २००४ साली, हा शब्द आमच्या घरी वर्तमानपत्रातून आला होता. सचिन तेंडुलकरच्या डाव्या हाताला टेनिस एल्बो झाला होता. ज्यांनी टेनिसची रॅकेट जन्मात हातात धरली नाही अशी माणसं त्या दोन शब्दांवर सकाळचा चहा थंड होईपर्यंत बोलत होती. ऑक्टोबरमध्ये तो नागपूरच्या कसोटीत परतला, पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. आमच्या घरात तेव्हा "त्याचं कोपर दुखतंय" असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. एल्बोच म्हणायचे. इतक्यांदा उच्चारलेला तो शब्द मी मात्र कधी उघडून पाहिला नव्हता.

आता उघडूया.

उजवा हात समोर सरळ करा. तळवा वर, छताकडे. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत एकच रेघ होऊ द्या आणि थोडा वेळ तसेच थांबा. हाताला वजन असतं हे एरवी लक्षात येत नाही, ते आता जाणवेल.

मग अगदी सावकाश हात दुमडायला लागा. दंड हलवू नका, फक्त पुढचा भाग उचला. बोटं वर येतील, तुमच्याकडे येतील. अर्ध्या वाटेवर थांबा. हा काटकोन झाला. शाळेतल्या भूमितीत कोनाला दोन भुजा असायच्या आणि मधे शिरोबिंदू, तसाच. आणखी दुमडा. बोटं खांद्याला टेकतील. पुन्हा उघडा. दोन-तीनदा करा, आणि दर वेळी वेग थोडा आणखी कमी करा.

हे दुमडणं जिथे घडतं त्या जागेला हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात 'एल्नबोगा' म्हणत. पुढे मधला 'न' गळला, शेवटचा स्वर झिजला आणि एल्बो उरला. जर्मन भाषेत तो अजून जवळजवळ अख्खा आहे, एलेनबोगेन. डच लोक एलेबोग म्हणतात. ही सगळी एकाच घरातली भावंडं.

एल्नबोगा हा जोडशब्द आहे. त्यातला 'एल्न' म्हणजे कोपरापासून पुढचा हात. 'बोगा' म्हणजे बाक, कमान, धनुष्य. हाताचं धनुष्य.

एल्बो म्हणताना मला आजवर एक टोकदार हाड दिसायचं. कुणाच्या बरगडीत लागणारं, टेबलाच्या कडेवर आपटणारं. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना टोक दिसलं नव्हतं, बाक दिसला होता. तुम्हीही पुन्हा हात अर्धवट दुमडा आणि बाजूने बघा. खांदा हे एक टोक, मूठ हे दुसरं. दोघांच्या मधल्या हवेत एक दोरी ताणलेली आहे असं समजा. धनुष्य दिसायला लागेल.

हाच 'बो' इंग्रजीतल्या रेनबोमध्ये आहे. पाऊस आणि धनुष्य. आपण त्याला इंद्रधनुष्य म्हणतो. आकाशातली तीच कमान पाहून दोन्हीकडच्या माणसांच्या मनात धनुष्यच यावं याचा मला फार आनंद होतो. कुणापुढे वाकून अभिवादन करायलाही इंग्रजीत याच मुळातला शब्द आहे. म्हणजे वाकणं, कमान, धनुष्य आणि कोपर ही सगळी एका धातूभोवती बसलेली मंडळी आहेत.

धनुष्याच्या उपमेत केवळ आकार नाही, जोरही आहे. दगड लांब फेकायचा तर आपण कोपर दुमडतो आणि झटक्यात सरळ करतो. त्या सरळ होण्यात सगळी ताकद असते. म्हणूनच क्रिकेटमध्ये गोलंदाजाने चेंडू टाकताना कोपर किती सरळ करावं याला मर्यादा आहे, १५ अंश. त्यापुढे गेलं की ती गोलंदाजी राहत नाही, फेक होते. सोळाव्या अंशापासून धनुष्य मोजलं जातं, असं म्हणायला हरकत नाही.

आता शब्दाचा पहिला अर्धा भाग. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

कोपर टेबलावर किंवा मांडीवर टेकवा. हाताचा पुढचा भाग आडवा ठेवा, बोटं सरळ करा. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नजर फिरवा. ही लांबी तुम्ही जन्मभर बरोबर घेऊन फिरता. ती कधी घरी विसरत नाही, हरवत नाही, उसनी मागावी लागत नाही. जगातल्या कित्येक जुन्या बाजारांनी माप इथूनच घेतलं. आपण त्याला 'हात' म्हणतो. चोवीस अंगुळं, सुमारे १८ इंच. इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्यांचं राजमाप ५२ सेंटिमीटरांच्या थोडं पुढे होतं, आणि ते लिहायचं चित्र होतं माणसाचा कोपरापासूनचा हात. रोमन लोकांच्या मापाचं नाव क्युबिटम, म्हणजे लॅटिनमध्ये कोपरच. त्या शब्दाच्या मुळाशी आडवं होणं, लवंडणं आहे. रोमन श्रीमंत जेवताना डाव्या कोपरावर रेलून आडवे व्हायचे. कुणी कोपराकडे पाहिलं आणि त्यांना धनुष्य दिसलं, कुणाला टेकायची जागा दिसली.

इंग्रजांचा 'एल्न' पुढे 'एल' झाला आणि कापडाच्या दुकानात जाऊन बसला. तिथे त्याचं विचित्र झालं. शब्द हाताचा, पण लांबी हाताची राहिली नाही. इंग्लंडातला एल ४५ इंचांचा झाला, म्हणजे अडीच हात. फ्लँडर्सच्या विणकरांचा एल २७ इंचांचा, स्कॉटलंडचा ३७. नाव एक आणि तीन बाजारांत तीन हात! कल्पना करा, समुद्र ओलांडून लोकरीचं कापड घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला मनात किती हात बाळगावे लागत असतील. माल्म्सबरीच्या विल्यम या बाराव्या शतकातल्या बखरकाराने लिहून ठेवलं आहे की राजा पहिला हेन्री याने व्यापाऱ्यांचा खोटा एल सुधारला, आणि त्यासाठी माप धरलं स्वतःच्या हाताचं. राजाचा हात घालून वाद मिटवावा लागतो याचा अर्थ त्याआधी प्रत्येक दुकानदार आपला हात खरा मानत होता.

स्कॉटलंडमध्ये डंकेल्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चौकातल्या एका घराच्या भिंतीवर लोखंडी एल ठोकलेला आहे, साल १७०६. विकत घेतलेलं कापड आणून कुणीही त्याला लावून बघावं, फसवणूक झाली का ते तिथल्या तिथे कळेल. मी छायाचित्रात ती पट्टी पाहिली आणि मला ती भिंतीतून पुढे आलेल्या हातासारखीच वाटली. लोखंडाचा, न थकणारा, सगळ्या गावाचा एक हात.

या एलची एक म्हण इंग्रजीत होती. इंचभर दिलं की तो एलभर घेतो. १५४६ साली जॉन हेवूडने इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला त्यात ती आहे. आता लोक एलच्या जागी मैल म्हणतात, कारण एल कुणाला आठवत नाही. बदल साधा वाटतो, पण त्यात म्हणीतलं शरीर गेलं. इंच म्हणजे अंगठ्याची रुंदी आणि एल म्हणजे हात. अंगठा टेकवू दिला तर आख्खा हात आत घालतो, असं ते चित्र होतं. मराठीत हेच चित्र अजून जिवंत आहे, आणि त्यात तर कोपर नावानिशी आहे. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये. ही म्हण मी लहानपणी आजीकडून ऐकली तेव्हा मला खरोखरच ओली माती आणि तिच्यात रुतलेलं कोपर दिसायचं. बोटांनी खणणाऱ्याला जमिनीचा अंदाज येत असतो, कोपराने खणणाऱ्याला नाही. त्याला फक्त ती दबते आहे एवढंच कळतं.

थोडं थांबूया. हात पुन्हा सैल सोडा. दोन-तीन श्वास जाऊ द्या.

एल्बो हा शब्द आपल्यापासून किती दूरचा आहे? मी तो अगदी दूरचा समजत होते. साहेबाबरोबर आलेला, मग नळांबरोबर आलेला. पण भाषांची नाती शोधणाऱ्या पंडितांनी 'एल्न'च्या नात्यातले शब्द मांडले आहेत ते असे. लॅटिनमध्ये उल्ना, जे नाव आजही डॉक्टर कोपरापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत जाणाऱ्या हाडाला देतात. ग्रीकमध्ये ओलेने. रशियनमध्ये लोकत, म्हणजे कोपर, आणि जुनं कापडाचं मापही. आणि संस्कृतमध्ये अरत्नि.

अरत्नि म्हणजे कोपर, आणि अरत्नि म्हणजे माप. बौधायनाच्या शुल्बसूत्रात अरत्नि चोवीस अंगुळांचा आहे, आणि पाच अरत्नि मिळून एक पुरुष, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. यज्ञाची वेदी त्या मापाने आखायची. शुल्ब म्हणजे दोरी. अमरकोशाने तर आणखी बारकावा टिपला आहे. मूठ मिटलेली असेल तर रत्नि, आणि मुठीतून करंगळी बाहेर काढलेली असेल तर अरत्नि.

करून बघा. कोपर टेकवा, मूठ मिटा. हा रत्नि. आता फक्त करंगळी उघडा. एवढ्या दोन-अडीच इंचांसाठी वेगळा शब्द ठेवणारी माणसं हाताकडे किती वेळ बघत बसली असतील.

दुसरा भाग 'बोगा'. त्याचं मूळ 'वाकणं' या अर्थाच्या ज्या धातूत आहे, त्याच नात्यात संस्कृतचा भुज् हा धातू येतो. वाकणारी ती भुजा. वळणं घेत जातो तो भुजंग. मघाशी आपण भूमितीतल्या कोनाच्या भुजा म्हणालो, तोही हाच शब्द.

म्हणजे एल्बो या दोन अक्षरांत एका बाजूला अरत्नि उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला भुजा. प्लंबरच्या पिशवीत कपलिंग आणि युनियनच्या शेजारी पडलेला तो पांढरा तुकडा यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या शब्दांचा लांबचा भाऊ निघाला. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. भाषा वेगळ्या झाल्या, देश वेगळे झाले, हजारो वर्षं गेली, आणि हात जिथे वाकतो तिथे सगळे अजून जवळजवळ बसलेले आहेत.

आपलं 'कोपर' मात्र या घराण्यातलं नाही. ते संस्कृत कूर्परातून, प्राकृतातल्या कोप्परातून आलं. पण मराठीने त्याला कामाला भरपूर लावलं. कोपरखळी आहे, कोपरापासून नमस्कार आहे, कोपरापर्यंत बाह्यांची कोपरी आहे. आणि कोपराला गूळ लावणं आहे. त्याच्यासाठी पुन्हा हात लागेल.

उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या खांद्याला शिवा. डाव्या कानाला शिवा. कपाळाला, मानेमागे, पाठीवर जाईल तिथवर. डाव्या कोपराला शिवा, ते सहज जमतं. आता त्याच उजव्या हाताच्या बोटांनी उजव्या कोपराला शिवायचा प्रयत्न करा.

जमणार नाही. ओठांनीही बहुतेकांना जमत नाही. मान कितीही वळवा, दोन बोटांचं अंतर उरतंच. म्हणून कोपराला गूळ लावला की तो दिसतो, वासही येतो, पण खाता येत नाही. दुसऱ्याला आशेवर ठेवून काहीच न देण्याला मराठीने हे नाव दिलं. रशियन लोकही म्हणतात की कोपर जवळ आहे, पण चावता येत नाही. त्यांच्या म्हणीत हळहळ आहे, हातून गेलेल्या गोष्टीची. आपल्या वाक्प्रचारात दुसऱ्याने केलेली फसवणूक आहे. अंग तेच.

या न जमण्यापाशी मी नेहमी रेंगाळते. आयुष्यातला पहिला घास मी माझ्या हाताने तोंडात घातला तो कोपर दुमडल्यामुळे. केस विंचरणं, कुंकू लावणं, डोळे पुसणं, फोन कानाला लावणं, सगळं त्याच्याच जोरावर. चौथीत असताना झाडावरून पडून माझा हात मोडला होता. प्लास्टर दंडापासून मनगटापर्यंत होतं आणि बोटं उघडी होती. बोटं धडधाकट होती. पेन्सिल धरता येत होती, वाटाणे सोलता येत होते. पण हातात धरलेलं बिस्किट तोंडापर्यंत येत नव्हतं. वस्तू पकडणं आणि वस्तू आपली होणं यांच्यामधे कोपर आहे, हे मला तेव्हा सहा आठवडे रोज कळत होतं. आई भरवायची. डाव्या हाताने खाल्लेलं आजीला चालायचं नाही, आणि मीही तेव्हा हट्ट धरला नाही.

इंग्रजीने या शब्दाला पुढे कुठे कुठे नेलं ते फार न लांबवता सांगते. नदीच्या आणि रस्त्याच्या वळणाला एल्बो म्हणतात. हातपाय हलवायला पुरेशी मोकळी जागा असली की ती एल्बो-रूम. घासूनपुसून लख्ख करायला जी मेहनत लागते ती एल्बो-ग्रीस, म्हणजे कोपराचं वंगण. सतराव्या शतकापासून हा प्रयोग आहे. मराठी माणूस कष्टाचा जोर कोपरात मानत नाही, मनगटात मानतो. पितळेचा हंडा चिंचेने घासताना तुम्ही स्वतःच तपासा. मला तरी इंग्रजांचं म्हणणं खरं वाटतं, दुखतं ते आधी कोपरच.

आणि मग ढकलणं. गर्दीत कोपरं बाहेर काढून वाट करणं. जर्मन भाषेत 'कोपरांचा समाज' असा एक शब्द आहे, जिथे प्रत्येक जण शेजाऱ्याला लोटून पुढे जातो असा समाज. १९८२ साली तिथल्या भाषासंस्थेने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. कोपर दुमडलं की माणूस जवळ घेऊ शकतो, आणि त्याच दुमडीने दूरही लोटू शकतो.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये एक जागा आहे. एल्बो हा शब्द क्रियापद म्हणून जिथे फार लवकर सापडतो, त्यांपैकी ही एक. १६०८च्या छापील प्रतीत तो प्रसंग आहे, १६२३च्या मोठ्या आवृत्तीत तो गळलेला आहे. धाकटी मुलगी कॉर्डेलिया फ्रान्सहून परत आली आहे. ज्या बापाने तिला काही न देता घालवलं त्याच्याचसाठी आली आहे. म्हातारा राजा तिच्यापासून काही अंतरावरच आहे आणि तिला भेटायला जात नाही. का, तर शरम त्याला कोपराने मागे लोटते आहे.

इथे डोळे मिटून घ्या थोडे. शरम ही कुणीतरी शेजारी उभी असलेली व्यक्ती आहे. ती बोलत नाही, हात धरत नाही. आपण एक पाऊल टाकायला जातो आणि तिचं कोपर बरगडीला लागतं. ज्याला आपण भेटायला जायला हवं होतं आणि गेलो नाही, असं एखादं माणूस प्रत्येकाकडे असतं. ते आठवलं तर आठवू द्या. फार वेळ नको. डोळे उघडा.

आता हात दुमडा आणि या वेळी बाहेरच्या टोकाकडे लक्ष देऊ नका. आतली बाजू बघा. जिथे दंड आणि हात एकमेकांवर मिटतात, तिथे मऊ खळगी आहे. कातडी पातळ आहे, निळी शीर दिसते. रक्त तपासायला सुई टोचतात ती हीच जागा. दुसऱ्या हाताची दोन बोटं तिथे अलगद ठेवा. आतल्या बाजूला, करंगळीच्या अंगाला, नाडीही लागते. सापडली तर मोजू नका, नुसती लागू द्या.

नव्या जन्मलेल्या बाळाचं डोकं या खळगीत ठेवतात. त्याच्यासाठी याहून चांगली उशी अजून कुणी बनवलेली नाही. आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघायचं तर कोपर बुडवून बघतात. तळवे कामाने राठ झालेले असतात, त्यांना कढत पाणीही कोमट वाटतं. कोपर फसत नाही. माझ्या मुलीच्या वेळी आजी घंगाळापाशी पाटावर बसून पदर खोचायची, उजवं कोपर पाण्यात घालायची आणि काही न बोलता थंड पाण्याचा तांब्या मागायला डावा हात पुढे करायची. पुरे झालं की कोपर बाहेर काढून पदराला पुसायची.

त्याच कोपराने तिने गोधडी मोजली होती. जुन्या लुगड्यांची गोधडी, मुलीसाठी नव्हे, माझ्यासाठी, मी शिकायला बाहेरगावी निघाले तेव्हाची. जमिनीवर लुगडी एकावर एक अंथरून ती गुडघ्यांवर पुढे सरकत गेली. कोपर टेकव, बोटं लांब कर, बोटांच्या टोकाशी खडूची खूण कर, खुणेवर पुन्हा कोपर टेकव. "चार हात," ती म्हणाली, "तुला पुरेल."

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. हा लेख लिहायला घेतला त्या संध्याकाळी मी ती गोधडी काढली आणि फरशीवर अंथरली. कडेशी बसले. एका टोकाला कोपर टेकवलं, बोटं लांब केली, दुसऱ्या हाताने खूण धरली, खुणेवर कोपर ठेवलं. माझ्या हाताने चार हात भरले नाहीत. तीन हात, एक वीत आणि वर चार बोटं. मग शिवणाच्या डब्यातली टेप आणून मोजली. १६८ सेंटिमीटर. त्याला चारने भागलं.

बेचाळीस. आजीचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत बेचाळीस सेंटिमीटर होता. इतक्या वर्षांत तिचा हात केवढा होता हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

टेपवर बेचाळिसाच्या खुणेशी अंगठा धरून मी तेवढी लांबी गोधडीवर अंथरली. मग तिच्याशेजारी आपलं कोपर ठेवलं, दोन्हींची सुरुवात एका रेषेत येईल असं, आणि हात उघडा करून बसले.